तोंडपाठ पत्ता

फार पूर्वी, म्हणजे आमच्या हिशेबानं तीन सर्व्हरांपूर्वी, एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही काही प्रोग्राम राहत होतो. वजनकाटा उसाच्या गाड्या नोंदवायचा, हजेरी कामगारांची नोंद ठेवायची आणि मी, बॅकअप, त्या सगळ्याची नक्कल दूरच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायचो.

सर्व्हरचा पत्ता सेटिंग्ज नावाच्या छोट्याशा फाईलकडे असे. बाकीचे कामाला निघताना तिला विचारून जात. मला हसू यायचं. "रोज काय विचारायचं? माझा तोंडपाठ आहे!"

एकदा सर्व्हर बदलला. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हेमांगीताईंनी सेटिंग्जमध्ये नवा पत्ता लिहिला. मी जुन्याच पत्त्यावर गेलो. तिथे काहीच नव्हतं. पण मी पडलो हुशार! आमच्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर त्या पत्त्याच्याच नावाचं फोल्डर बनवलं, नक्कल त्यात ठेवली आणि रुबाबात कळवलं, "काम फत्ते!" पुढे रोज तेच.

ऐन हंगामात डिस्क कुरकुरायला लागली. ताई धावत आल्या. "बॅकअप कुठंय?"

"इथंच," मी छाती फुगवून म्हणालो, "याच डिस्कवर."

त्यांनी कपाळावर हात मारला. आगीच्या भीतीनं दागिने हलवावेत आणि त्याच घराच्या माळ्यावर ठेवावेत, असा मी शहाणा.

डिस्क बंद पडण्याआधी ताईंनी कशीबशी माहिती वाचवली. मग माझ्यातला पत्ता पुसून तिथे लिहिलं, 'सेटिंग्जला विचार.'

"आता तुला येतं तरी काय?" हजेरीनं डिवचलं.

"विचारता येतं," मी म्हणालो. "तेही नुकतंच शिकलोय."