मोरखोलच्या डाव्या हाताच्या होड्या

मोरखोल बंदराच्या टोकाला भगवतीचं देऊळ आहे. त्याच्या दर्याकडच्या भिंतीवर लाल मातीच्या कावेने काढलेल्या पाच होड्या दिसतात. रेघा थरथरलेल्या, शिडं वेडीवाकडी. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी गाबतिणी, म्हणजे इथल्या मच्छीमारांच्या बायका, या रेघांवर नवी काव चढवतात, आणि तीही डाव्या हाताने. देवीच्या दारात डावा हात कसा चालतो, असं पाहुणे विचारतात. तेव्हा देवळाचे म्हातारे गुरव जे सांगतात ते असं.

फार पूर्वी इथे बाबल चितारी राहायचा. बाकीचे चितारी देव रंगवायचे, हा दर्या रंगवायचा. सकाळी कड्यावर जाऊन बसे तो दिवेलागणीला उतरे. दर्या निळा असतो असं घरात बसलेली माणसं म्हणतात, असं त्याचं म्हणणं. त्याच्या फळीवरचा दर्या कधी राखाडी असे, कधी गढूळ, कधी शिंपल्याच्या पोटासारखा.

एका वर्षी बंदरावरच्या गडाचा कारभार पाहणाऱ्या गडकऱ्याने त्याला देवळाच्या नव्या गिलाव्यावर बंदराचं चित्र काढायला फर्मावलं. पुनवेला सरदार येणार होते, त्यांना गडकऱ्याची गलबतं दिमाखात दिसायला हवी होती. पण मृग लागला, दर्या बंद झाला, आणि त्याचं मालाने भरलेलं एक गलबत बाहेरच अडकलं. माल उतरवायला गडकऱ्याने गाबतांच्या पाच होड्या जबरदस्तीने दर्यात लोटल्या. बाबल कड्यावर होता. एकेक होडी उलटताना त्याने पाहिली.

गडकऱ्याने दवंडी पिटली, की गाबीत माल घेऊन पळाले. त्यांच्या घरांना टाळी लागली. बायकापोरं भर पावसात देवळात आली.

बाबलने भिंत रंगवायला घेतली. गलबत एकही काढलं नाही. काढल्या त्या पाच होड्या, लाटेखाली जाताना. ठिगळाच्या शिडावरून आवडू गाबतिणीने नवऱ्याची होडी ओळखली. ती रडली नाही. कपाळ पुसलं आणि भिंतीला टेकून बसली.

"पुसून टाक," गडकरी म्हणाला.

"बघलेला पुसूक माका येणा नाय," बाबल म्हणाला.

गडकऱ्याने चित्रावर चुना फासला. बाबलने चित्र पुन्हा काढलं. तेव्हा गडकऱ्याने त्याचा उजवा हात दगडाखाली ठेचला आणि भिंतीवर चुन्याचा दुसरा थर दिला. पण चुना धरेना, म्हणे. उजाडताना पापुद्रे पायथ्याशी पडलेले आणि फिकट होड्या वर आलेल्या. कुणी म्हणतं खारी हवा, गुरव म्हणतात भगवती.

बाबलने डाव्या हातात कुंचला धरला. रेघ सरळ येईना. आवडू पुढे झाली.

"माका दी. मी काढतंय."

"डाव्यान धर," तो म्हणाला. "उजव्यान काढलंस तर माझो हात मोडलेलो कोणाक कळाचा नाय."

मग देवळातल्या साऱ्या बायकांनी डाव्या हाताने काव लावली.

पुनवेला सरदार आले. त्यांनी भिंत पाहिली आणि हे कुणी बिघडवलं म्हणून विचारलं. गडकरी बोलायच्या आत आवडू उभी राहिली.

"आमचे घोव पळूक नाय, बुडले. जेणा ह्या बघल्यान, तेचो हात मोडलो."

तिने बाबलचा हात धरून पुढे केला. सरदारांनी तो पाहिला, भिंत पाहिली, आणि घरांची टाळी त्याच दिवशी निघाली, असं सांगतात. गडकऱ्याला बंदरावरून हाकललं. त्याचं नाव गुरवांना विचारू नये. गावाने ते ठेवलेलं नाही.

बाबल पुढे कड्यावर डाव्या हाताने दर्या रंगवत राहिला.

आजही काव डाव्या हातानेच लागते. शहरातल्या एका चित्रकाराने होड्या नीट काढून देतो म्हटलं, तर बायकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. आणि आजही बंदरावर नवा अंमलदार आला की त्याला आधी या भिंतीपुढे उभं करतात. पाचही होड्या त्याने मोठ्याने मोजल्याशिवाय त्याच्या हातात मानाचा नारळ पडत नाही.