थोरलीचा घास

समुद्रांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. देवमाशांच्या एका कळपाची म्हातारी थोरली सगळ्यांना घेऊन जवळ्याच्या, त्या बारीक कोळंबीच्या, जागी आली. तिची आजीही दरसाल कळपाला इथेच आणायची. रीत अशी, की थोरलीने तोंड उघडल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही.

"आई, यंदा पाणी कोमट लागतंय," तिची लेक निळाई म्हणाली. "जवळा गार पाण्यामागे दक्षिणेला गेला असेल. अंगात बळ आहे तोवर निघूया."

थोरलीच्या जिभेलाही ते कळलं होतं. पण 'मी चुकले' म्हणायला तीच जीभ रेटेना. "जागा कधी हलते का गं? थांबा, येईल जवळा."

कळप थांबला. अंगावरची चरबी उतरत गेली. शेवटी त्या उपाशी नजरा सोसवेनात, म्हणून थोरलीने उगाचच जबडा पसरून मोठा घास घेतला.

"आला, जवळा आला!" उरलंसुरलं बळ एकवटून कळप झेपावला. सगळ्यांच्या तोंडात नुसतं पाणी.

"आता निघायचं म्हटलंस," निळाई हळूच म्हणाली, "तरी पोहणार कोण, आई?"

तोंडातलं पाणी थोरलीला गिळवेना, आणि सगळ्यांसमोर थुंकवेना.