उंबऱ्यावरची घोडी

घोड्यांना नाल ठोकायला माणूस नुकताच शिकला होता, तेव्हाची गोष्ट. पाखरी नावाच्या घोडीच्या पुढच्या पायाचे हाड चिरले. तिला एकटे वाटू नये म्हणून मोतद्दाराने पागेत ठुमकी नावाची शेळी आणून ठेवली. दोन महिन्यांनी वैद्याने पाय दाबून पाहिला. "हाड सांधलंय," तो म्हणाला. "आता हिला रोज थोडं चालव, नाहीतर पाय कायमचा आखडेल."

मोतद्दार रोज सकाळी दार उघडी, लगाम ओढी आणि हरून निघून जाई. पाखरी उंबऱ्याशीच अडून बसे.

"बाहेर खडे आहेत गं," ती म्हणाली. ठुमकीने आठ दिवस खपून खुरांनी खडे बाजूला सारले.

"आता चिखल आहे." चिखलही वाळला.

"आता जमीन फारच गुळगुळीत झालीय. घसरले म्हणजे?"

"बाई, तुला जमीन हवीय की गादी?" ठुमकी वैतागली.

आणखी महिना असाच गेला. पाय आखडू लागला. मग एका सकाळी ठुमकी एकटीच बाहेर गेली आणि पाठ करून चरू लागली. पाखरी खिंकाळली. ठुमकीने मान वळवली नाही. रिकाम्या पागेत घोडीला राहवेना. लंगडत, पावलापावलाला कुरकुरत ती बाहेर आली.

"माझ्यासाठी थांबली का नाहीस?" तिने रागाने विचारले.

"थांबलेच होते की," ठुमकी घास चावत म्हणाली. "तेवढ्या दिवसांत तुझा पाय आखडला."