तिळीचा दोर

फार वर्षांपूर्वी, भोरकड्याला आग्या मधमाशांची सत्तर पोळी लटकायची, तेव्हाची ही गोष्ट. कड्याखालच्या ठाकरवाडीत तिळी नावाची पोर होती. दोराला लटकून मध काढावा तर तिनेच. माशा तिला डसत नसत, असं म्हणतात.

दोर रक्ताच्या माणसानेच धरायचा, ही वाडीची रीत. तिळीचा दोर तिचा बाप धाकू धरायचा.

कड्यावरच्या उंबरात एक शिकरा राहायचा. एवढासा पक्षी, पण त्याने झडप घातली की सरडा गेलाच. धाकू म्हणायचा, "बघ गं, शिकरा मारतो नि जगतो. माशी एकदा डसते नि मरते. येडी जात! माणसानं शिकऱ्यावाणी राहावं."

"शिकऱ्याला पोट असतं, बा. माशीला घर असतं."

"माशांनी शिकवलं व्हय तुला?" वाडीतले म्हातारे हसायचे.

तिळी मधाचा भाग कापायची, पिल्लांचा ठेवायची. एका दुष्काळात म्हाताऱ्यांनी ठरवलं, यंदा पोळं अख्खं उतरवायचं, पिल्लांसकट.

तिळी दोरावरून ओरडली, "पिल्लं ठेवते, बा! नाहीतर पुढच्या साली एक माशी यायची न्हाई!"

"काप म्हणतो ना!" धाकू वरून ओरडला.

तिने कापलं नाही. मग म्हाताऱ्यांनी वरून पेटत्या गवताच्या पेंढ्या टाकल्या. सगळा कडा घोंगावत उठला. म्हातारे पळाले. धाकू एकटा उरला. माशा त्याला डसत होत्या आणि त्याच्या पायाशी मरून पडत होत्या.

आणि धाकू शिकऱ्यासारखा वागला. सांगणारे म्हातारे इथे हमखास खोकतात आणि दोर तुटला म्हणतात. दोर तुटला नाही. बापाने सोडला. तो जगला.

तिळी खाली पडलीच नाही, असं म्हणतात. उरलेल्या माशांनी तिला काळ्या घोंगडीसारखं लपेटलं आणि डोंगरापलीकडे नेलं. खाली नुसता दोर सापडला. त्यानंतर कड्याला पोळं लागलं नाही. हिरड्याला फळ धरेना. पाखरं गेली, मागोमाग शिकराही गेला. धाकू मरेपर्यंत रोज कड्यावरून खाली दोर सोडून, तो धरून बसायचा. "धरलाय गं, पोरी," एवढंच बोलायचा.

अजूनही चैत्री पुनवेला वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस कड्यावरून रिकामा दोर सोडतो आणि सूर्य बुडेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसतो. त्या दिवशी वाडीत चूल पेटत नाही, धूर नको म्हणून. हातावर माशी बसली तरी हाकलायची नाही, असा नियम आहे.

तो पाळायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.