दगडी हत्तीचे माप

एका राज्यात नदीकाठी एक नगर होते, आणि त्या नदीच्या पात्रात एक दगडी हत्ती होता. पणजोबांच्या पणजोबांनीही त्याला तिथेच पाहिलेला. पाणी त्याच्या अंगावर कुठवर चढले ते पाहून सांगायचे काम म्हाळसा नावाच्या बाईकडे होते. तिचा शब्द राजाही मानी, कारण ती खोटे बोलत नसे.

राजाने नवा तट बांधायला तीन पेढीवाल्यांकडून सोने घेतले. तिघेही परमुलखातले मांत्रिक. त्यांची सावली सूर्याच्याच दिशेला पडे. ते म्हणाले, "महाराज, व्याज सोन्यात नको. दर अवसेला भर दुपारी हत्तीचा डोळा पाण्यात असला, तर आम्हीच नगराला शंभर मोहरा देऊ. कोरडा असला, तर नगरातले जे मागू ते आमचे."

डोळा कोरडा पडल्याचे कोणी ऐकलेही नव्हते. राजाने हसत मुद्रा उमटवली.

पहिल्या अवसेला डोळा कोरडा होता. म्हाळसाने पाहिले तसे सांगितले. पेढीवाल्यांनी दिव्यांचा उजेड नेला. ज्योती जळत, तेल सरे, घरात मात्र काळोखच राही. दुसऱ्या अवसेला पुन्हा डोळा कोरडा. त्यांनी विहिरींची तृप्ती नेली. पोहरा भरून वर येई, माणूस घटाघटा पिई, आणि घसा तसाच सुकलेला. तिसऱ्या अवसेला ते म्हणाले, "वेशी राखून थकलेल्या म्हाताऱ्यांना हे नगर मरेपर्यंत पोसते. ते देणे आम्ही नेतो."

देण्याबरोबर त्या म्हाताऱ्यांची ओळखही गेली.

म्हाळसा घरी आली तर ओसरीवर कोणी एक म्हातारा बसलेला.

"आपण कोण?"

तो म्हणाला, "म्हाळसा, मी तुझा बाप. जन्मभर वेस राखलेला."

तिला ओळख पटेना. दारी आलेल्याला उपाशी कसे धाडावे, म्हणून तिने ताट वाढले. भाकरी दुधात कुस्करताना तिचा हात अडला नाही. या माणसाला दात नाहीत हे हाताला ठाऊक होते, तिला नव्हते.

ती राजाकडे गेली. "महाराज, पुढच्या अवसेला काय?"

"देण्याजोगे काही उरले नाही," राजा म्हणाला. "ते नगरच नेतील. माझ्याच मुद्रेखाली तसे लिहिले आहे."

म्हाळसा घाटावर येऊन बसली. वाळूत एक टिटवी पाय वर करून पडली होती. टिटवी म्हणाली, "तू माप खरे सांगतेस, पण मापच खोटे आहे. नदी उतरत नाही, बाई. हत्ती उठतो. एरवी तो गुडघे टेकून असतो. अवसेला पेढीवाले मंत्र टाकतात आणि तो उभा राहतो."

"हे लोकांना कसे दाखवू?"

"आदल्या दिवशी घाटाच्या दगडात, पाण्याच्या रेघेवर खिळा ठोक. पण त्या करारात नगरातले लोखंडही गहाण आहे, ते पेढीवाल्यांचेच ऐकेल. नगराचे नसलेले आण. ठोकताना तीन हाका येतील. ओ दिलीस, तर तुझी जीभ त्यांची."

तिने लोहाराची भट्टी धुंडाळली, पागा पाहिली, देवळाची दारे पाहिली. सगळेच गहाण. महिना असाच सरला. अखेर तिने ते ओसरीवरच्या म्हाताऱ्याला सांगितले.

"नगराने मला टाकले," तो म्हणाला. "मग माझे काहीच नगराचे नाही." आणि त्याने आपल्या पहाऱ्याच्या वहाणेतला खिळा उपसून तिला दिला.

अवसेच्या आदल्या दिवशी, टळटळीत उन्हात, तिने पहिला घाव घातला. मागून राजाचा आवाज आला, "म्हाळसा, थांब." दुसऱ्या घावाला तिची मेलेली आई जेवायला बोलवावी तशी बोलावू लागली. तिसऱ्या घावाला पाण्याखालून तिचाच आवाज आला, "मला वर काढ." ओठ दाताखाली धरून तिने खिळा पुरता बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारे नगर घाटावर जमले. पेढीवाले होडीत बसून हत्तीपाशी गेले आणि म्हणाले, "माप सांगा."

"डोळा कोरडा आहे," म्हाळसा म्हणाली. लोकांनी माना खाली घातल्या. "आता हा खिळा पाहा, महाराज. काल मी तो रेघेवर ठोकला. आजही तो रेघेवरच आहे. पाणी बोटभरही उतरलेले नाही. उठला तो हत्ती."

राजा स्वतः पायऱ्या उतरला. खिळ्याला बोट लावून त्याने हत्तीकडे पाहिले, मग आपल्या हातातल्या मुद्रेकडे.

"खोट्या मापावरचा करार करार नव्हे," तो म्हणाला, आणि मुद्रा त्याने दगडावर फोडली.

तेव्हा हत्तीने एक लांब श्वास सोडला आणि गुडघे टेकले. होडी नेमकी त्याच्या जबड्याखाली होती. पाणी शांत झाले तेव्हा पेढीवाल्यांच्या तीन शाली वर आल्या. त्या कोरड्या होत्या.

त्याच संध्याकाळी दिव्यांनी उजेड दिला, विहिरींनी तहान भागवली. पेढीवाल्यांचे मुद्दल राजाने मोजून बांधून ठेवले. मागायला कोणी आले नाही. वेशीवरच्या म्हाताऱ्यांना त्यांचे धान्य पुन्हा सुरू झाले.

म्हाळसा घरी आली. उंबऱ्यातच तिचे पाय थबकले. ओसरीवर तिचा बाप खांबाला टेकून पेंगत होता.

"बाबा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "महिनाभर परक्या घरी जेवलो, पोरी," तो म्हणाला. "वाढणारी बाई मात्र भली होती."