खाटेला लावलेली पाटी

“टाके मी स्वतः घातले होते, बाबा. मग पाचव्या दिवशी उसवले कसे?”

डॉ. निरंजन सांझगिरींनी कुणाला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी ते सांगतच असत. बाबा पूर्वी त्यांचे सर्जरीचे शिक्षक होते. आता डोंगरावरच्या मठात आल्यागेल्यासाठी पेज शिजवत आणि मी त्यांना लाकडं फोडून देत असे.

“पेशंट कोण?”

“सोमीबाई. पाड्यावरची आहे. वजन चौतीस किलो. पोटाची जखम उघडलीय. उद्या पुन्हा शिवायला घेतोय.”

“सकाळीच निघालेला दिसतोस. खाऊन घे.”

बाबांनी पेजेची वाटी पुढे ठेवली. डॉक्टरांनी हात पुढे केला, तशी ती उचलून घेतली.

“जरा थांब. पूजा व्हायचीय.”

पूजा झाली. मग बाबांनी अंगण झाडलं. मग गोठ्यात जाऊन बसले. उन्हं कलल्यावर वाटी पुन्हा आली आणि पुन्हा उचलली गेली.

“आज राहू दे. उद्या खा.”

“थट्टा चालवलीय का माझी? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही!”

बाबांनी वाटी बाजूला ठेवली.

“तिचं ऑपरेशन किती वेळा पुढे ढकललंस?”

“तीनदा. एकदा भूलतज्ज्ञ आले नाहीत. एकदा वीज गेली. एकदा...” डॉक्टर जमिनीकडे पाहू लागले. “मला भाषणाला जायचं होतं.”

“तिन्ही दिवस ती उपाशी?”

“खाटेला पाटी होती, ‘तोंडाने काही देऊ नये.’”

“तिने मागितलं नाही?”

“म्हणाली, डाक्टर, घोटभर पेज पिऊ का? मी म्हणालो, उद्या.”

“मग उपाशी अंगात टाक्यांनी धरायचं कशाला?” बाबांनी विचारलं. “ऑपरेशननंतर पाटी कुणी काढली?”

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांना इतकी लाज वाटली, की मलाच तिथे उभं राहवेना.

“मी सांगितल्याशिवाय कुणी काढत नाही, बाबा. अजून तिथेच असेल.”

बाबांनी वाटी परत त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरांना ती हातात घेववेना.

मग बाबांनी ती पेज डब्यात ओतली, झाकण घट्ट लावलं आणि वर चमचा ठेवला.

“आधी तिच्या अंगात जोर येऊ दे, शिवायचं मग. एका वेळी दोनच चमचे. घाईने जास्त भरवशील, तर तेही तिला झेपायचं नाही. आणि ‘पुन्हा कधी?’ म्हणून तिने विचारलं, तर ‘उद्या’ म्हणू नकोस.”