मासा कोणाच्या नावावर?

रेवदंड्याच्या खाडीवर त्या रविवारी नुसत्या बायकाच गळ घेऊन उतरल्या होत्या. गळाला पिसं बांधून नकली किडा करायचा, त्याला म्हणायचं माशी, आणि त्यावर मासा भुलवायचा. ही कला त्यांना शिकवली गळप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांनी, अप्पासाहेब तावड्यांनी.

दुपारी यमुताई खानविलकरांची काठी एकदम वाकली. मैत्रिणींनी कमरेला धरलं, तेव्हा कुठे भलामोठा जिताडा काठावर आला. मोसमातला सर्वांत मोठा मासा! तो धरणाऱ्याचं नाव काठावरच्या मंडळाच्या फळ्यावर लागे. आजवर तिथे एकाही बाईचं नाव नव्हतं.

काठावर देखरेखीला उभ्या असलेल्या अप्पासाहेबांनी मिशी पिळली. "माशी मी बांधलेली. तेव्हा मासा माझा, नाव माझं."

यमुताईंचा चेहरा उतरला. पण याच माणसाने महिनाभर न कंटाळता त्यांच्या दोरीचा गुंता सोडवला होता. रागावणार तरी कसं?

"अप्पासाहेब, पिसं कसली हो वापरलीत?"

"आमच्या कोंबड्याची! त्याच्या पिसांना तोड नाही. मासा बघताक्षणी भुलतो."

"मग मासा तुम्हाला कुठे भुलला? फळ्यावर कोंबड्याचं नाव लिहा!"

बायका हसून लोटपोट झाल्या. अप्पासाहेबांनी भुवया चढवल्या, पण मिशीतलं हसू काही आवरेना. त्यांनी स्वतःच खडू घेऊन ठसठशीत लिहिलं, 'यमुना खानविलकर'. मग हळूच विचारलं, "कालवणाला बोलवाल ना?"

"तुम्ही आल्याशिवाय उकळीच येऊ देणार नाही," यमुताई म्हणाल्या.